तिकडचं सामान

मुलगा आणि सून हॉलमध्ये बोलत होती आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. "लोखंडी कपाट बाल्कनीत जाईल," मुलगा म्हणाला. "शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकू. देव्हारा पॅसेजमध्ये मावेल. आणि आईला स्टडीत ठेवू." सगळं एका दमात. कपाट, मशीन, देव्हारा, आई.

मी गाळणी ओट्यावर आपटली. चहा सगळीकडे उडाला. दोघं धावत आली, "काय झालं, काय झालं?" म्हटलं, "काही नाही, एक सामान पडलं." मुलाला काही कळलं नाही, सुनेला कळलं. ती खाली बघून ओटा पुसायला लागली. मला राग चटकन येतो, आणि आता या वयात त्याची लाज वाटून घ्यायची मी सोडून दिली आहे.

झालं होतं असं की चेन्नईतली आमची नुंगंबाक्कमची जुनी तीन मजली इमारत पाडायची ठरली होती. बिल्डरने सगळ्यांना पोंगल झाल्यावर जानेवारीअखेर जागा रिकामी करायला सांगितली होती. नवी इमारत उभी राहील तेव्हा राहील, तोवर मी कुठे राहायचं हा प्रश्न होता. मुलाच्या मते तो प्रश्नच नव्हता. वेलचेरीला त्याचा फ्लॅट आहे, त्यात स्टडी म्हणवणारी एक खोली आहे, तिच्यात एक पलंग टाकला की आई सुखात. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या बाथरूमच्या खिडक्या दिसतात. मोठा पाऊस झाला की खाली रस्त्यावर होड्या चालतात आणि तिसऱ्या मजल्यावर ही मंडळी मेणबत्त्या लावून बसतात. तरी मला म्हणे, "तिथे तू सेफ राहशील."

मला जायचं होतं मैलापूरला. तिथे देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत मामी राहतात. मामी म्हणजे ह्यांच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या पत्नी, तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घराण्यात मराठी बोलतात, पण ते मराठी इतकं जुनं आणि तमिळ हेलाचं की पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकींशी खुणांनीच बोललो म्हणा ना. आता दोघीही विधवा, आणि दोघींची मैत्री घट्ट. त्यांच्या घराचा वरचा पोर्शन रिकामा झाला होता. एक खोली, लहानसं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि समोर उघडी गच्ची. इकडे भाड्याच्या जागेला पोर्शनच म्हणतात. खाली मामी, पाच पावलांवर भाजीवाल्या, आणि डिसेंबरात संगीत सभांमध्ये गाणं ऐकायला चालत जाता येतं. मी एकदा जाऊन त्या गच्चीवर उभी राहिले आणि मनात म्हटलं, बास, इथेच.

मुलगा हसला. अगदी मोकळेपणाने, पोट धरून हसला. "आई, त्या पोर्शनमध्ये तुझ्या माळ्यावरचं सामानसुद्धा मावणार नाही. तू साधा बिस्किटाचा डबा टाकत नाहीस. तू एका खोलीत राहणार?"

"राहून दाखवीन."

"ठीक आहे," तो म्हणाला, "घर रिकामं करायच्या दिवशी तुझं सगळं सामान एका छोट्या टेंपोत मावलं तर तू मैलापूरला जा. मी एक शब्द बोलणार नाही. नाही मावलं तर गुपचूप वेलचेरीला यायचं."

"गुपचूप मी आयुष्यात कुठे गेले नाही," मी म्हटलं. "पण पैज कबूल."

तो दाराबाहेर पडला आणि मी घरभर नजर फिरवली. माझे डोळे पांढरे झाले. पोरगा खोटं बोलत नव्हता.

आता आमच्या घरात एवढं सामान का साठलं, ते सांगायला हवं. इतरांच्या घरात साठतं तसं ते नव्हतंच. आम्ही सांगलीचे. ह्यांची बँकेत बदली झाली आणि आम्ही इकडे आलो, ते तीन वर्षांसाठी. तीनाची पुढे किती झाली ते मोजण्यात अर्थ नाही. पण आमचं ठरलेलं होतं, रिटायर झालं की सांगलीला परत. ह्यांनी तिथे गावाबाहेर एक प्लॉट घेऊन ठेवला होता. मग काय, घरात प्रत्येक गोष्ट दोन प्रकारची झाली. एक इकडची आणि एक तिकडची. इकडची म्हणजे वापरायची, पोचे आलेली, कान तुटलेली. तिकडची म्हणजे नवी, चांगली, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली. निळ्या फुलांचा चिनी मातीचा सेट घेतला, तो तिकडचा. पितळेचे डबे, समई, पुरणयंत्र, सोलापूरच्या चादरी, सगळं तिकडचं. एकदा एक्स्पोर्टच्या सेलमध्ये पडद्यांचं कापड मिळालं तर मी तेही घेतलं, न बांधलेल्या घराच्या खिडक्यांसाठी! आणि टीव्ही, मिक्सर, पंखा, जे जे आणलं त्याचं खोकं थर्माकोलसकट वर. का? तर तिकडे न्यायला पॅकिंग लागेल.

पाहुणे आले तरी मी तो निळा सेट काढला नाही. हे कधी म्हणायचे, "अगं, काढ की एकदा." मी म्हणायची, "तिकडे गेल्यावर." आणि आम्ही दोघं कान तुटलेल्या कपांतून चहा प्यायचो.

मुलाला वेलचेरीचा फ्लॅट घ्यायचा होता तेव्हा प्लॉट विकला. तो आम्ही दोघांनी आनंदाने विकला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गंमत बघा, प्लॉट गेला तरी सामान राहिलं. त्याविषयी आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. माळ्याकडे दोघंही बघायचो नाही. मग हे गेले. मी रोज त्या माळ्याखाली झोपत होते, आणि डोक्यावर आख्खं सांगलीचं घर.

तर मी पदर खोचला आणि कामाला लागले. पहिल्यांदा साड्या. आमच्याकडे जशी बोहारीण यायची, तशी इकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई येते. तिला वर बोलावलं. कपाटातल्या जरीच्या, पॉलिएस्टरच्या, कधी न नेसलेल्या, सगळ्या साड्या काढल्या. ह्यांच्या पँटी काढल्या. त्यातली एक मांडीवर घेऊन बसले, पण ती बाई फार पक्की होती, रडायला वेळच दिला नाही. ती म्हणे एक कढई. मी म्हटलं, कढई? या जरीला कढई? मग आमची जी जुंपली! माझं तमिळ भांडणात फार चांगलं होतं, एरवी अडखळतं. तिने पातेलं दाखवलं, मी मान हलवली. तिने डबा दाखवला, मी साड्यांचं गाठोडं परत ओढलं. शेवटी तिने कपाळावर हात मारला आणि टोपलीतली सगळ्यात मोठी वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. एव्हरसिल्व्हरचा हंडा. स्टीलला इकडे एव्हरसिल्व्हर म्हणतात. केवढा तो हंडा! नातवंड असतं तर आत बसवून आंघोळ घातली असती. मी तो जिंकला. घामाघूम झाले होते, पण हंडा घेऊन अशी उभी राहिले की काय सांगू.

संध्याकाळी मुलगा आला. हॉलच्या मध्यभागी हंडा. तो हंड्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "आई," तो म्हणाला, "तू सामान कमी करतेयस ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! गाठोडंभर साड्या देऊन मी घरात हंडा आणला होता. आयुष्यभराची सवय, जुनं दिलं की भांडं घ्यायचं. आईने तेच केलं, सासूबाईंनी तेच केलं. रिकाम्या हाताने काही द्यायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मुलगा हसत हसत सोफ्यावर आडवा झाला. मला इतका संताप आला की हंड्यालाच एक लाथ घातली. लागलं मलाच.

पुढचे काही दिवस वाईटच गेले. रद्दीवाल्याला बोलावलं तर त्याने पितळेचे डबे काट्यावर टाकले. माझे न वापरलेले डबे, तिकडच्या फडताळात ओळीने लावायचे, ते त्याने पोत्यात कोंबायला घेतले. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतले आणि त्याला चालता केला. भोगी आली. इकडे भोगीला घरातलं जुनं बाहेर काढून जाळतात. पहाटे सगळ्या गल्लीत धूर, पोरं ढोलकी बडवतायत, समोरच्या बाईंनी मोडकी चटई टाकली, केरसुणी टाकली, हात झटकले, झाल्या मोकळ्या. मी एक जुनं सूप टाकून आले. एक सूप! आणि वर येऊन आमची भोगीची भाजी केली, तीळ लावून बाजरीची भाकरी केली, आणि ताटासमोर बसून रडले. कारण मला दिसत होतं, मी हरणार. मी आता त्या स्टडीत जाणार, आणि दारावरून जाणारे येणारे विचारणार, "आई, काही हवंय का?" आणि हवं ते मला सांगता येणार नाही.

दुपारी मामी आल्या. भोगीची भाजी-भाकरी खायला दरवर्षी येतात. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. हंड्याचं सांगितल्यावर त्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "वैनी, मी तुमच्याकडे इतकी वर्षं संक्रांतीला येत होते. तुम्ही म्हणायच्या, या, लुटा. आणि हातात काय द्यायच्या? एक वाटी. एक वर्षी गाळणी. मी घरी जाऊन सांगायची, आज लूट करून आले, गाळणी मिळाली. हे काय लूट म्हणायचें? एकदां खरी लूट करा की!"

 संक्रांतीला हळदीकुंकवाला आम्ही वाण देतो त्याला लुटणं म्हणतात, हे मी हजारदा बोलले असेन. लुटलंस का, काय लुटलंस, यंदा काय लुटायचं ठरवलंय. पण त्या शब्दाकडे कधी मी नीट बघितलं नव्हतं. माझ्या आजीच्या वेळी बायका खरोखर मांडून ठेवायच्या आणि आलेल्या बायका उचलून न्यायच्या. तेव्हा देणारीची शान असायची. द्यायचं आणि बदल्यात काही घ्यायचं नाही, हे आमच्यात होतं की! मीच विसरले होते.

पण लगेच मन मागे आलं. "मामी, हे गेल्यापासून मी हळदीकुंकू केलं नाही. मी कशी करणार?"

मामी भाकरीवर लोणी घेत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लुटवायला कुंकू कशाला पाहिजे? हात पाहिजेत."

रथसप्तमीच्या आतला रविवार ठरला. मी सुनेला फोन केला. मला वाटलं होतं ती चाचरेल, पण ती म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसातल्या मुली आणू? नवीन संसार आहेत, त्यांच्याकडे धड एक पातेलं नाही." मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं, इमारतीतल्या बायकांना सांगितलं. त्या बिचाऱ्या स्वतःच घरं आवरत होत्या, म्हणाल्या, आम्ही काही घेणार नाही हं, नुसत्या येऊन बघू. म्हटलं, बघा तरी.

शनिवारी मुलाला बोलावून माळा खाली काढायला लावला. आख्खा. वर्तमानपत्रांचे कागद पिवळे पडून कुरकुरत होते. एकेक उलगडत गेले आणि आतून नवी कोरी भांडी निघत गेली. पितळ काळं पडलं होतं, मी चिंचेने घासलं. मुलगा कागद गोळा करत होता. निळ्या सेटचा एक कप हातात धरून म्हणाला, "आई, हा आपल्याकडे होता?" त्याने तो कधी बघितलाच नव्हता. मला एकदम भरून आलं. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं जपलं त्याला ठाऊकच नाही, आणि ज्यांच्याबरोबर वापरायचा ते राहिले नाहीत. मी म्हटलं, "होता. आता ठेव तिकडे टेबलावर."

सगळ्यात तळाला, चादरींच्या घडीत, एक जड पुडकं निघालं. मी ते उघडलं नाही, आत काय आहे ते मला माहीत होतं. ते मी उशीखाली सरकवलं.

रविवारी हॉलमध्ये सतरंज्या घातल्या आणि सांगलीचं घर मांडलं. हो, घरच मांडलं मी. एका कोपऱ्यात स्वयंपाकघर, डबे उतरत्या रांगेत, पुरणयंत्र, परात. एका बाजूला देवघर, समई, तबकं. भिंतीशी चादरी आणि पडद्यांचं कापड. मधोमध निळा सेट. कित्येक वर्षं डोक्यात होतं अगदी तसं. मी दारात उभी राहून एकदा डोळे भरून बघून घेतलं. सुंदर होतं हो माझं घर.

पहिल्या आल्या मामी, हातात मोगऱ्याचे लांबलचक गजरे. दारातच बसल्या आणि येईल तिला गजऱ्याचा तुकडा तोडून द्यायला लागल्या. सवाष्ण कोण आणि कोण नाही, विचारलंच नाही त्यांनी. एक तुकडा स्वतःच्या अंबाड्यात खोचला. मग उठून माझ्यामागे आल्या आणि माझ्या केसांत माळला. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटलं. किती वर्षांनी मानेला ती थंडगार फुलं लागली.

बायका जमल्या. सुनेने तिळगूळ वाटला. सगळ्या जणी अवघडून, भिंतीला टेकून, वस्तूंकडे चोरून बघत बसल्या. कुणी हात लावेना. माझा जीव टांगणीला लागला. एकदा वाटलं, फसलं. मग मी मधोमध उभी राहिले आणि ओरडले, "अगं, बघताय काय? लुटा!"

आधी मामींनी पुरणयंत्र उचललं. त्यांच्याकडे पुरणपोळी कधी होत नाही! पण त्यांनी ते असं डोक्यावर धरलं की सगळ्यांना हसू फुटलं, आणि बांध फुटला. काय धमाल उडाली! "नुसत्या बघायला" आलेल्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी परात पळवली. ऑफिसच्या मुली, त्यातली एकही मराठी नाही, "लुटा, लुटा" म्हणत डब्यांवर तुटून पडल्या. एका चादरीची दोन टोकं दोघींच्या हातात, आणि दोघी हसून हसून खाली बसलेल्या. मंडळातल्या एक आजी समई घेऊन निघाल्या, परत आल्या, म्हणाल्या, "वातींचा डबा नाही का गं?" मी म्हटलं, "तोही घ्या, आणि तेल घरचं घाला!" एक मुलगी, नुकतं लग्न झालेली, पडद्याचं कापड छातीशी धरून मला तोडक्या हिंदीत विचारत होती की ह्याचं काय द्यायचं. मी म्हटलं, "खिडकी उघडी ठेव." तिला काही कळलं नसेल, पण ती माझ्या पाया पडली.

मी रडेन असं मला वाटलं होतं. मामींनी रुमालही आणून ठेवला होता. पण मला इतका आनंद झाला की काय सांगू! प्रत्येक वस्तू दाराबाहेर गेली की अंगावरचं एकेक ओझं उतरत होतं. लहानपणी जत्रेत गेल्यासारखी मी नाचत होते, हिला हे दे, तिला ते दे. ती भांडी शेवटी कुणाच्या तरी गॅसवर चढणार होती. त्यांना करपायला मिळणार होतं, पोचे पडायला मिळणार होते. तिकडे नाही, इकडेच. पोरूरला, अंबत्तूरला, वेलचेरीला, कुठे कुठे.

निळ्या सेटपाशी माझा हात अडखळला. सून जवळच उभी होती. तिने हळूच सहा कप आणि किटली बाजूला काढली आणि माझ्या हातात दिली. "आई, हे तुमचं वाण," ती म्हणाली. "माझ्याकडून." मी घेतलं. मी एवढी काही साध्वी नाही.

हॉल रिकामा झाला. सतरंजीवर तिळगुळाचे कण आणि मोगऱ्याच्या पाकळ्या, आणि कोपऱ्यात एकटा हंडा. तो मात्र कुणी लुटला नाही. मामी त्याच्याभोवती फिरून म्हणाल्या, "हा ठेवा. आमच्या पोर्शनला पाणी सकाळी तासभरच येतं. उन्हाळ्यात याच्याशिवाय चालायचं नाही." म्हणजे भांडून आणलेला हंडा शेवटी माझ्याच कामाला आला. मी त्याला मारलेल्या लाथेबद्दल मनात माफी मागितली.

सोफा, टीव्ही, रिकामी खोकी, इकडची पोचे आलेली भांडी, असं उरलंसुरलं मी रद्दीवाल्याला परत बोलावून देऊन टाकलं. जागा सोडायच्या दिवशी टेंपो आला. पलंग, एक कपाट, देव्हारा, गॅस, शिलाई मशीन, हंडा, हंड्यात कप आणि रोजची चार भांडी. टेंपोवाला म्हणाला, "बाकीचं?" मी म्हटलं, "एवढंच." टेंपो अर्धासुद्धा भरला नव्हता. मुलगा टेंपोच्या मागे उभा राहून आत बघत होता, तोंडात मारल्यासारखा. पण पैजेला जागला, एक शब्द बोलला नाही.

मग तो म्हणाला, "आई, टेंपोत जागा आहे तर... आतल्या खोलीत माझी काही खोकी आहेत."

काही! त्याची कॉलेजची पुस्तकं, क्रिकेटचं पॅड, मोडकी गिटार, दोन जुने कॉम्प्युटर, कसल्या कसल्या वायरींचं भेंडोळं. लग्न झाल्यापासून "पुढच्या रविवारी नेतो" म्हणत माझ्याकडे ठेवलेली. भिंतभर रास होती.

"तुझ्याकडे ठेवशील?" तो म्हणाला. "आमच्याकडे जागा कुठे आहे?"

"आहे की," मी म्हटलं. "ती स्टडी. माझ्यासाठी रिकामी केलीयस ना?"

आधी सून हसली. मग तो टेंपोवाला हसला, त्याला सुनेने तमिळमध्ये सांगितलं. शेवटी मुलगाही हसला, काय करतो! संध्याकाळी दुसरा टेंपो करून ती खोकी वेलचेरीला गेली.

पुढच्या रविवारी तो माझ्याकडे मैलापूरला आला, ड्रिल मशीन घेऊन. मीच बोलावलं होतं. उशीखालचं पुडकं मी त्याच्या हातात दिलं. पितळी पाटी. ह्यांनी सांगलीच्या दारासाठी करून घेतली होती, त्यावर दोघांची नावं, माझं आधी आणि ह्यांचं नंतर. हे असेच होते. त्याने ती उजेडात धरून वाचली. त्याला हिच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं.

"सांगलीच्या दाराची आहे," मी म्हटलं. "ह्या दाराला लाव."

त्याने भोकं पाडली, स्क्रू आवळले, बाहीने पाटी पुसली. जिन्यात मामी चष्मा लावून एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचत होत्या. त्यांना देवनागरी सहज येत नाही, पण मदत करू देईनात. नावं पुरी वाचून झाली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणं झाली. मी निळ्या कपांतून चहा केला. तो पिऊन मुलगा खोलीच्या मधोमध, नुसत्या फरशीवर, उताणा पडला. गच्चीवरून वारा येत होता आणि वाऱ्याला आडवं यायला खोलीत काहीच नव्हतं. त्याने हात दोन्ही बाजूंना पसरले, पाय ताणले. लहानपणी शाळेतून आल्यावर असाच पडायचा.

"किती जागा आहे गं इथे," तो डोळे मिटून म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "तुझ्या खोक्यांना नाही. तुला आहे."

तो तिथेच झोपी गेला. मी उशी आणून त्याच्या डोक्याखाली सरकवली आणि कप विसळायला घेतले.